नाटक बसवलंय, पण बघायला कोण येणार? नवीन ग्रुपवाल्यांसाठी स्टेप बाय स्टेप

आधीच सांगते, मी कोणी मोठी दिग्दर्शक वगैरे नाही. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकला, म्हणजे पुण्याच्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, बॅकस्टेज केलं, भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' ओरडून घसा बसवून घेतला, मग नोकरी लागली, आणि मग आम्ही पाच जणांनी मिळून एक ग्रुप काढला जो आज नऊ वर्षं रडतखडत का होईना पण चालू आहे. दरवर्षी दोन-तीन नवीन ग्रुपमधली पोरं फोन करतात, ताई नाटक चांगलं बसलंय हो पण लोकच येत नाहीत, आणि मी प्रत्येकाला तेच पाऊण तास सांगते. म्हणून एकदाचं लिहून काढतेय, आता लिंक पाठवून मोकळी होईन.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. स्पर्धेत जो हॉल दणाणत होता ना, तो तुमचा प्रेक्षक नव्हता. पुरुषोत्तम करंडक महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनी १९६३ला सुरू केला, तेव्हापासून तिथे येणारी पब्लिक ही कॉलेजची असते, सीनियर असतात, समोरच्या कॉलेजचे खुन्नस द्यायला आलेले असतात. ती गर्दी तुम्हाला आयती मिळते. कॉलेज सुटलं की ती गर्दी पण सुटते, आणि मग पहिल्या स्वतंत्र प्रयोगाला अकरा माणसं येतात. आमच्या पहिल्या प्रयोगाला खरोखर अकराच होती, त्यातली सात आमच्याच घरची, आणि एक काका तर खालच्या मजल्यावरच्या क्लासची चौकशी करायला आले होते, त्यांना आम्ही बसवून घेतलं.

स्टेप १ : कोणासाठी करताय ते ठरवा, आणि नावानिशी ठरवा

'सगळ्यांसाठी' हे उत्तर नाही. वहीत पाच माणसांची नावं लिहा जी हे नाटक बघून घरी जाताना त्याच्याबद्दल बोलतील असं तुम्हाला वाटतं. तुमचे मित्र सोडून. शेजारच्या काकू, मावसभाऊ जो बँकेत आहे, शाळेतल्या मराठीच्या बाई, असे. पाच नावं सुचत नसतील तर विषयात काहीतरी गडबड आहे किंवा तुम्ही फक्त नाटकवाल्यांसाठी नाटक करताय. तसं करण्यात पाप काही नाही, पण मग लोक येत नाहीत म्हणून रडू नका.

स्टेप २ : तालमीच्या आधी वाचन, आणि वाचनाला बाहेरची माणसं

कोणाच्या तरी घरी आठ-दहा लोक बोलवा, चहा-पोहे ठेवा, स्क्रिप्ट वाचा. वाचन संपल्यावर लोक जे बोलतात त्यावर फार जाऊ नका, आपल्याकडे तोंडावर सगळे 'छान झालं' म्हणतात. त्यापेक्षा ग्रुपमधल्या एकाला कामच द्या, की तू स्क्रिप्टकडे बघायचं नाही, फक्त ऐकणाऱ्यांकडे बघायचं. कोण कुठल्या पानाला मोबाईल काढतं, कोण पाय बदलून बसतं, कुठे पोह्याचा चमचा थांबतो. आमच्या एका नाटकात सतराव्या पानावर पाचापैकी चार वाचनांना लोक पाणी प्यायला उठले. लेखक महाराज ते पान काढायला तयार नव्हते, खूप गहन होतं म्हणे. शेवटी काढलं, आणि ते काढलंय हे पुढच्या वाचनाला त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

स्टेप ३ : कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण पटकन उरकून टाका. लेखक दुसरा कोणी असेल तर त्याची परवानगी लेखी घ्या आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन किती ते आधीच ठरवा, मित्र असला तरी, किंबहुना मित्र असला तरच. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर बोर्डाकडून, संहितेचं प्रमाणपत्र लागतं, हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सिनेमातलं गाणं वाजवणार असाल तर त्याचंही लायसन्स लागतं. बस.

स्टेप ४ : हॉल लहान घ्या

इथे नवीन लोक हमखास चुकतात. सगळ्यांना बालगंधर्वला नाहीतर शिवाजी मंदिरला प्रयोग करायचा असतो, स्वप्न असतं, समजू शकते. पण साठ माणसं आठ-नऊशे खुर्च्यांत विखुरली की ती साठ राहत नाहीत, प्रत्येक जण एकटा होतो, आणि एकटा माणूस मोठ्याने हसत नाही. तीच साठ माणसं ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत बसवा, खांद्याला खांदा लागला की पहिल्या पाच मिनिटांत हॉल गरम होतो. आमच्याकडे तर नियमच आहे, जेवढी माणसं येणार त्याच्यापेक्षा दहाच खुर्च्या जास्त मांडायच्या, बाकीच्या विंगेत रचून ठेवायच्या. लोक वाढले तर आणून टाकायच्या. 'अरे खुर्च्या आणा रे' हे वाक्य प्रेक्षकांच्या कानावर पडलं की सगळे जरा सावरून बसतात, काहीतरी भारी आहे बुवा म्हणून.

आणि यात कमीपणा काहीही नाही. आविष्कार ही नाट्यसंस्था १९७१ला सुरू झाली, सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी, आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी प्रयोग करायला सुरुवात केली. शाळेचा हॉल! त्याला पुढे लोक छबिलदास चळवळच म्हणायला लागले. तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये मोठ्या थिएटरसारखं अंतरच नव्हतं, खुर्च्या नाटकाप्रमाणे हलवता यायच्या, आणि नटाच्या कपाळावरचा घाम समोरच्याला दिसायचा. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, अशा जागा आधी बघून या. तुमच्या गावात असं काही नसेल तर वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाचा वरचा मजला, काहीही चालतं.

जागा बघायला जाल तेव्हा संध्याकाळीच जा, प्रयोगाच्या वेळेला. दुपारी शांत वाटणाऱ्या हॉलच्या शेजारी सात वाजता झुंबा सुरू होतो हे आम्हाला प्रयोगाच्या दिवशी कळलं. पंखे चालू करून एकाला मागच्या भिंतीपाशी उभं करा आणि पुढून नॉर्मल आवाजात बोला, ऐकू येतंय का बघा. लाइटचं किती लोड घेता येईल ते तिथल्या माणसाला विचारा. जिना किती आहे ते मोजा कारण तुमचा निम्मा प्रेक्षक गुडघेदुखीवाला असणार आहे. आणि बाथरूम. बायका बाथरूम कसं आहे ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी यायचं की नाही ते त्यावर ठरवतात, ही गंमत नाही.

स्टेप ५ : तिकीट लावाच

फुकट पास वाटू नका. पास घेतलेला माणूस पाऊस आला की येत नाही. दीडशे रुपये दिलेला माणूस छत्री घेऊन येतो, वर वेळेत येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा राजाश्रय होता, पण दहा वर्षांनी, १८५३ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ केले ते तिकीट लावून. म्हणजे तिकीट काढून नाटक बघणं आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून चालू आहे आणि तुम्ही अजून लाजताय. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी पण नाही, तेवढं डोकं पण लावायला नको. विद्यार्थ्यांना अर्ध्यात द्या, पण फुकट नको. नातेवाईकांना तर मुळीच नको, आत्या आधी रुसतील आणि मग सगळ्यांना सांगत फिरतील की मी तिकीट काढून बघितलं बरं का.

स्टेप ६ : पोस्टर नको, फोन करा

म्हणजे पोस्टर करा, इन्स्टाला टाका, पण त्यावर विसंबून राहू नका. पोस्टरला दोनशे लाइक येतात आणि त्यातले चार जण येतात. व्हॉट्सॲपवर 'सर्वांना सस्नेह निमंत्रण' असा फॉरवर्ड गेला की समोरच्याला कळतं की हा तीनशे लोकांना गेलाय, मी नाही गेलो तर काय फरक पडतो. त्याऐवजी एकेकाला वेगळा मेसेज, त्याच्या नावाने. आमच्यातला एक पोरगा असे मेसेज करण्यात हुशार आहे, त्याचा एक बघा :

'जोशीकाका, शनिवारी ७ला आमचं नाटक आहे. त्यात एक रिटायर्ड पोस्टमन आहे आणि त्याचं काम मीच करतोय. तुम्ही पोस्टात होतात म्हणून विचारतोय, मी शिक्का मारतो तो बरोबर मारतो का हे बघायला याल का? तिकीट १५० आहे, काकूंचं पण ठेवू ना?'

काका आले. काकू आल्या. काकांच्या ऑफिसमधले आणखी दोन रिटायर्ड आले. आणि प्रयोगानंतर काकांनी स्टेजवर चढून शिक्का कसा मारायचा ते दाखवलं, मनगट सैल सोडायचं, शाईच्या पॅडवर एकदा, पाकिटावर एकदा, ठक-ठक ठक-ठक, त्यात ताल असतो. पुढच्या प्रयोगापासून तो ताल नाटकात आला आणि खरं सांगते, त्या प्रसंगाला नंतर कायम टाळी पडायला लागली.

ग्रुपमधल्या प्रत्येकाने दहा फोन. आठ जण असाल तर ऐंशी फोन झाले. त्यातले पस्तीस-चाळीस येतात असा आमचा आपला अनुभव आहे. तीन दिवस आधी आणि मग त्याच दिवशी सकाळी एक आठवण, त्याहून जास्त नाही, नाहीतर लोक म्यूट करतात.

स्टेप ७ : दार

प्रयोग दारापासून चालू होतो. अर्धा तास आधी ग्रुपमधला एक हसऱ्या तोंडाचा माणूस दारात पाहिजे. नट नकोत दारात, मेकअप करून बाहेर मित्रांशी गप्पा मारणारे नट बघून माझं डोकं फिरतं, मग आत एन्ट्री घेतल्यावर तुम्हाला कोण पोस्टमन समजणार? तिथे टेबलावर एक वही आणि पेन. येणाऱ्याने नाव, नंबर आणि 'कोणाकडून कळलं' एवढंच लिहायचं. गूगल फॉर्मचा क्यूआर कोड पण लावून बघितला आम्ही, ज्येष्ठ मंडळी त्याच्याकडे बघून पुढे जातात, वही मात्र सगळे भरतात, वरचं नाव कोणाचं आहे ते वाचून मग भरतात.

तिसरी घंटा वेळेवर द्या. साहेब आले नाहीत म्हणून थांबायचं नाही, जे वेळेत आलेत त्यांचा तो अपमान आहे. अनाउन्समेंट स्वतः लिहा, नेहमीचं 'कृपया आपले भ्रमणध्वनी' नको, ते कोणी ऐकत नाही. आम्ही एकदा नाटकातल्या आईच्याच आवाजात दिली होती, 'मोबाईल बंद केलास का? नक्की? काढून बघ बरं परत', अख्ख्या हॉलने खिशातून काढून बघितले.

स्टेप ८ : प्रयोग चालू असताना ऐका

नवीन नट फक्त बोलतात. तालमीत चाळीस वेळा केलेलं असतं, तोच स्पीड, तोच पॉज, समोर कोणी असो नसो. हशा आला की तो थोडा उतरू द्यायचा आणि मग पुढचं वाक्य घ्यायचं, पूर्ण विरायच्या आधी. लवकर घेतलं तर वाक्य हशात बुडतं, उशिरा घेतलं तर हॉल थंड होतो. हे कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकवून येत नाही, आठ-दहा प्रयोग झाले की कान तयार होतो. आणि कालच्या प्रयोगाला जिथे हशा आला तिथे आज येईलच असं धरून थांबू नका, फार वाईट दिसतं ते, नट बिचारा हशाची वाट बघत उभा आणि समोर शांतता.

एक किस्सा सांगते. आमच्या नाटकात मुलगा घर विकायचं म्हणतो आणि बाप प्रेक्षकांकडे बघत स्वतःशीच म्हणतो, 'आता मी कुठे जाऊ?' एका प्रयोगाला दुसऱ्या रांगेतल्या एक आजी पटकन बोलल्या, 'कुठ्ठं जायचं नाही, इथंच बसून राहायचं.' अगदी घरात बोलतात तशा. हॉल हसला. आमचा नट नवीन होता, पुढचं वाक्य होतं 'पण घर तर तुझ्या नावावर आहे', ते तो घडाघडा म्हणून मोकळा झाला असता. पण तो थांबला. आजींकडे बघितलं, मान हलवली आणि स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसला, जे आमच्या बसवण्यात नव्हतंच, ठरल्याप्रमाणे तो खिडकीशी जायचा. मग बसल्या बसल्या मुलाला म्हणाला, 'पण घर तर तुझ्या नावावर आहे.' मी लाइटच्या बोर्डवर होते, खिडकीचा लाइट चढवायला हात गेला होता तो तसाच मागे घेतला आणि खुर्चीवर जेवढा होता तेवढाच ठेवला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो बाप बसतोच.

कोकणातलं लोकनाट्य, दशावतार, बघितला असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय. सिंधुदुर्गात देवळाच्या जत्रेत रात्रभर चालतो, लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडं. समोरची माणसं रंगली की प्रसंग लांबतो, पेंगायला लागली की राक्षसाची एन्ट्री. आपल्याला एवढं मोकळं जमणार नाही, आपलं लिहिलेलं असतं, पण एकदा जाऊन बघा, आणि दोनदा बघा, कारण तीच कथा दुसऱ्या गावात वेगळी होते.

आणि हो, फोन वाजला किंवा लाइट गेले तर काही झालंच नाही असं दाखवू नका. सगळ्यांना दिसलेलं असतं. आमचे एकदा लाइट गेले तेव्हा लोकांनी स्वतःहून मोबाईलचे टॉर्च लावले आणि उरलेली बारा मिनिटं त्या उजेडात झाली. ते लोक अजून भेटले की त्याच प्रयोगाचं बोलतात, बाकीचं नाटक विसरले असतील.

स्टेप ९ : पडदा पडल्यावर पळू नका

मेकअप नंतर उतरवा, आधी बाहेर या. चर्चा ठेवणार असाल तर वीस मिनिटंच, आणि दोन नियम पाळा. पहिला, 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही, त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'कुठल्या पात्राचा राग आला?' किंवा 'शेवटी ती परत जाईल असं वाटलं होतं का?' असं विचारा, मग लोक आपसात भांडायला लागतात, नवराबायको तर हमखास. दुसरा नियम, लेखक-दिग्दर्शकाने स्पष्टीकरण द्यायचं नाही. 'नाही, त्यात आम्हाला असं म्हणायचं होतं की...' सुरू झालं की प्रेक्षक गप्प होतो, त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. गप्प बसा, लिहून घ्या, घरी जाऊन चिडा.

दुसऱ्या दिवशी वहीतल्या नवीन लोकांना मेसेज, आल्याबद्दल थँक्यू, आणि जे काही बोलले असतील त्याचा उल्लेख. ज्यांनी नाटकाला शिव्या घातल्या त्यांना तर नक्की करा. आमच्या वहीत आता चारशेच्या आसपास नावं आहेत आणि त्यातले पाऊणशे तरी असे आहेत जे काय नाटक आहे हे न विचारता येतात. 'मायबाप प्रेक्षक' हे आपण बालगंधर्वांपासून म्हणत आलोय, पण आईबापांचा नंबर सेव्ह नसतो असं कसं चालेल.

स्टेप १० : एकाच हॉलला चिकटून बसू नका

चार-पाच प्रयोग झाले की त्या भागातले तुमच्या ओळखीचे संपतात. मग नाटक घेऊन लोकांकडे जा. सोसायटीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक संघ, तालुक्याचं कॉलेज. सेट असा करा की एका टेम्पोत नाही, एका कारच्या डिकीत मावेल. नवीन गावात गेलात की तिथल्या एका तरी माणसाला सोबत घ्या, दारात तोच उभा राहू दे.

आणि जमलं तर दिवाळीनंतर एकदा झाडीपट्टीत जाऊन या, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडे. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिथलं केंद्र, नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथे ओळीने आहेत. धान निघालं की गावागावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत चालतं. नाटक आहे म्हणून घरोघर पाहुणे बोलावतात, आणि येणारा माणूस तिकीट काढून बसतो. आमच्या पुण्यातल्या लोकांना वाटतं प्रेक्षक संपला. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या बायका होत्या, मांडीवर पोरं झोपलेली, आणि तीन वाजता खलनायक आला तेव्हा त्यांनी पोरांना हलवून जागं केलं, अरे ऊठ, आला बघ.

शेवटचं एक काम जे सगळे विसरतात. सगळं आवरल्यावर हॉल झाडून द्या, खुर्च्या होत्या तशा लावा, आणि किल्ली वॉचमनकाकांच्या हातात द्या. हे काका महिन्याला पंधरा कार्यक्रम दारातून उभ्या उभ्या बघतात. आमच्या नेहमीच्या हॉलचे काका किल्ली घेताना कधीच काही बोलायचे नाहीत. तो खुर्चीवाला प्रयोग झाला त्या रात्री एवढंच म्हणाले, 'आज म्हाताऱ्यानं बरोबर केलं.' पुढच्या वेळेपासून मागच्या रांगेत कडेची एक खुर्ची आम्ही त्यांच्यासाठी ठेवतो, वहीत पण त्यांचं नाव आहे, 'कोणाकडून कळलं' या रकान्यात त्यांनी लिहिलंय : ड्यूटी.